काल कुठे हात लागला होता?

रविवारी सकाळी हौसेने बॉनेट उघडलं. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, उघडलंच आहे तर थ्रॉटल बॉडीही पुसून घेतली. दुपारी हात धुऊन, जेवून, ऐटीत चावी फिरवली. गाडी सुरू झाली खरी, पण जुन्या रिक्षेसारखी थरथरायला लागली. स्टीअरिंग हलतंय, आरसा हलतोय, सायलेन्सरमधून मधूनच फुस्स करून आवाज येतोय आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाय. सकाळी मंडईतून भाजी आणली तेव्हा हीच गाडी गुमान चालत होती. घरातून प्रश्न येतोच, "सकाळी बरी होती ना?"

प्रश्नाचा राग येतो, पण तो अगदी बरोबर आहे. सकाळी बरी होती आणि दुपारी नाही; मधे फक्त तुमचा हात लागला. गॅरेजवाल्याला हे माहीत नसतं, त्यामुळे त्याला शंभर ठिकाणी शोधावं लागतं. तुम्हाला आठ-दहाच ठिकाणी शोधायचंय. या लेखात मी सांगणार आहे ते एवढंच, की दुकानात जाऊन नवा पार्ट आणण्याआधी ही आठ-दहा ठिकाणं कोणत्या क्रमाने तपासायची.

त्याआधी एक सावधगिरी. तो पिवळा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय ते बघा. स्थिर असेल तर गाडी घरापर्यंत आणायला हरकत नाही. लुकलुकत असेल तर रेस सोडा, जमेल तितक्या लवकर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मिस होणाऱ्या, म्हणजे आपल्या पाळीला न पेटणाऱ्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल आणि त्याच्यासोबतचा ऑक्सिजन तसाच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि तिथे पेटतो. आतली सिरॅमिकची जाळी हजार अंशांच्या बरीच वर तापली की वितळून बसते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असे महागडे धातू त्या जाळीवर असतात, म्हणजे दोनशे रुपयांच्या प्लगपायी हजारो रुपयांचा खड्डा. "चालवून बघू, आपोआप जाईल" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

मिस होणं म्हणजे काय, ते थोडं आकड्यांत बघू. स्लोवर इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. चार सिलिंडर मिळून १६००. त्यातला एक गप्प बसला तर सेकंदाला सहा-सात धक्के चुकतात आणि स्टीअरिंगला जाणवते ती हीच थरथर. रेस दिल्यावर ती कमी झाल्यासारखी वाटते, कारण चुकलेले धक्के एकमेकांच्या जवळ येतात. दोष तसाच असतो. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, हेच मोजतो. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर फिरण्याचा वेग बघतो आणि ज्या सिलिंडरच्या पाळीला फेरा अडखळतो त्याच्या नावाने नोंद करतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांकडून येणारे हिसकेही क्रँकपर्यंत पोचतात, म्हणून अनेक गाड्यांत खराब रस्ता ओळखून ही मोजणी काही वेळ थांबवण्याची सोय केलेली असते. आपल्या रस्त्यांवर तिला बरंच काम पडत असावं.

आता कागद-पेन्सिल घ्या. हो, खरोखरचा कागद. सकाळपासून काय काय खोललं, काय सरकवलं, काय नुसतंच बाजूला केलं, सगळं लिहून काढा. "प्लग बदलले" एवढ्यावर थांबू नका. प्लगपर्यंत जायला एअर फिल्टरचा डबा काढला, डब्याखालचा छोटा रबरी पाइप ओढून काढला, वायरींचे चार कपलर काढले, ठिणगी देणाऱ्या चार कॉइल काढून फडक्यावर ठेवल्या, बॅटरीची मायनस तार सोडली. दोष बहुधा "प्लग बदलले" या ओळीत नसतो, वाटेतल्या या बारीक ओळींमध्ये असतो.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. आमच्या दहा वर्षं जुन्या हॅचबॅकचे प्लग मी घरीच बदलले आणि दोन नंबरचा सिलिंडर मिस मारायला लागला. मला वाटलं कॉइल गेली. नवी आणली, बसवली आणि गाडी लगेच शांत झाली. त्या संध्याकाळी मी घरात बऱ्याच फुशारक्या मारल्या. दुसऱ्या दिवशी कात्रजच्या घाटात गाडी पुन्हा थरथरली, सिलिंडर तोच. नवी कॉइलही खराब निघाली, असं म्हणत मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. निघण्यापूर्वी सहज कपलरला बोट लावलं तर तो डुगडुगत होता. इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षं शिजलेलं ते प्लास्टिक. पहिल्यांदा काढताना त्याचं लॉक तुटलं होतं आणि मला कळलंही नव्हतं. कपलर दाबला की बसायचा, इंजिनाच्या कंपनांनी हळूहळू मागे सरकायचा. नव्या कॉइलने काहीच दुरुस्त केलं नव्हतं. कॉइल बदलताना मी कपलर पुन्हा दाबून बसवला होता, इतकंच.

म्हणून पहिली पायरी: काहीही बदलू नका, नुसतं पुन्हा बसवा. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. यादीतली प्रत्येक गोष्ट एकदा काढा, नीट बघा आणि परत लावा. प्रत्येक कपलर "टक्" असा आवाज येईपर्यंत दाबा आणि मग हलकेच मागे ओढून बघा. हाताला आला तर बसलेलाच नव्हता. आतल्या पितळी पिना वाकलेल्या नाहीत ना, तेही बघून घ्या. आणि दोनच गोष्टी बसवल्या की इंजिन सुरू करून बघा. सगळं एकदम बसवून गाडी बरी झाली तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, आणि न कळलेला दोष परत येतो.

मिस नक्की कोणत्या सिलिंडरमध्ये आहे, हे शोधायला आता स्कॅनर स्वस्तात मिळतो. साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढं ब्लूटूथ यंत्र खोचायचं आणि मोबाइलवर कोड वाचायचा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. पी०३०० म्हणजे कुठला एक नाही, इकडे-तिकडे सगळीकडे मिस. हा फरक फार कामाचा आहे. एकाच सिलिंडरचं नाव आलं तर प्लग, कॉइल, कपलर, इंजेक्टर अशा त्या सिलिंडरच्या खाजगी मालमत्तेकडे बघायचं. सगळ्यांचं नाव आलं तर हवा, पेट्रोल, अर्थिंग अशा सामाईक गोष्टींकडे.

पहिला सिलिंडर कोणता, यावरूनही घोळ होतो. आडव्या बसवलेल्या इंजिनात सहसा ज्या बाजूला टायमिंग चेन किंवा बेल्ट असतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या विरुद्ध बाजूला, तिथून एक, दोन, तीन मोजतात. पण काही फ्रेंच कंपन्यांच्या इंजिनांत मोजणी गिअरबॉक्सच्या बाजूने सुरू होते. गाडीचं मॅन्युअल उघडून खात्री करा, नाहीतर दिवसभर भलत्याच सिलिंडरची सेवा कराल.

स्कॅनर नसेल तर जुनी रीत आहेच. इंजिन स्लोवर ठेवा आणि एकेका इंजेक्टरचा कपलर क्षणभर काढा. ज्याचा काढल्यावर थरथर वाढते तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा काढूनही इंजिनाला काही फरक पडत नाही, तोच तुमचा आळशी. कॉइलचा कपलर काढूनही हे कळतं, पण मग पेट्रोल न जळता कन्व्हर्टरकडे जातं, म्हणून जमलं तर इंजेक्टरचाच काढावा. चालू इंजिनात कॉइल उचलून ठिणगी बघण्याचा किंवा प्लगची जाड वायर हातात धरण्याचा पराक्रम मात्र करू नका. तिथे वीस ते चाळीस हजार व्होल्ट असतात. पूर्वीचे मिस्त्री असं करायचे हे खरं, पण त्यांनी बसलेले झटकेही भरपूर सोसलेत.

सिलिंडर सापडला की अदलाबदल करा. समजा तीन नंबर मिस मारतोय. तीनची कॉइल एकवर आणि एकची तीनवर लावा, कोड पुसा, गाडी थोडी चालवा. मिस एकवर सरकली तर कॉइल दोषी. तीनवरच राहिली तर आता तीन आणि एकचे प्लग एकमेकांत बदलून बघा. तरी तीनवरच राहिली तर इंजेक्टर, त्याची वायर किंवा खुद्द सिलिंडर. या खेळाला एक रुपया लागत नाही. दुकानात जायचं ते दोष सरकताना प्रत्यक्ष पाहिल्यावरच.

घरगुती कामानंतरच्या काही कहाण्या मात्र प्लगशीच येऊन थांबतात, त्यामुळे तिथे जरा वेळ काढू. प्लग हातातून पडला असेल तर, मग तो कितीही नवा असो, माझ्या मते सरळ बाजूला ठेवावा. पांढऱ्या चिनी मातीच्या भागाला सुताएवढी चीर गेली तरी ठिणगी टोकापर्यंत न जाता त्या चिरेतून बाजूच्या धातूकडे पळते. स्लोवर कळत नाही, चढावर एसी लावून रेस दिली की कळतं. भिंगाने बघा; चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तोच तिचा मार्ग. मात्र धातूच्या कडेलगत फिकट तपकिरी डाग गोलाकार दिसतो तो निरुपद्रवी असतो, त्याला घाबरून प्लग फेकू नका.

पडलेल्या प्लगचं दुसरं दुखणं म्हणजे गॅप. टोकाची वाकडी पट्टी आत दबून फट बंद होते. विहिरीसारख्या खोल भोकात प्लग वरून टाकून दिला तरी हेच होतं. तो पान्यातल्या रबरात किंवा चुंबकात पकडून अलगद सोडायचा असतो. बहुतेक पेट्रोल गाड्यांची गॅप ०.८ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर बघा. साध्या निकेल प्लगची गॅप फीलर गेजने मोजून हलकेच सुधारता येते. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक आणि ठिसूळ असतं, त्यात गेज कोंबू नका.

घट्ट किती करायचा? आटे १४ मिलिमीटरचे, हेड अॅल्युमिनियमचं आणि प्लगला वायसर असेल तर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर; १२ मिलिमीटरच्या बारीक प्लगला १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर प्लग आधी हाताने, दांडा न लावता, शेवटपर्यंत फिरवत न्यायचा आणि वायसर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा. वायसर नसलेल्या, उतरत्या बुडाच्या प्लगला एवढा फेरा अजिबात नाही, फक्त एक सोळांश. प्लगच्या डब्यावर याचं चित्र असतं. डबा फेकण्यापूर्वी बघावं. सैल राहिलेल्या प्लगच्या बाजूने दाब निसटतो, चक्-चक् आवाज येतो आणि प्लग तापून खराब होतो. अति घट्ट केला तर हेडमधले आटे जातात आणि मग काम गॅरेजचं, तेही खर्चिक. हाताने फिरवतानाच अडतोय असं वाटलं तर थांबा, तो तिरका चाललाय. उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. आट्यांना ग्रीस लावायचा मोहही टाळा. नव्या प्लगवर तसाही मुलामा असतो आणि ग्रीसमुळे तेवढ्याच ताकदीत प्लग नको इतका घट्ट होतो.

मिस मारणाऱ्या सिलिंडरचा प्लग काढलात तर त्याच्याकडे निरखून बघा. टोक फिकट तपकिरी, कोरडं असेल तर तो सिलिंडर बऱ्यापैकी जळतोय. पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण ठिणगी पडत नाही. अगदी कोरडं, स्वच्छ आणि थंडगार असेल तर इंजेक्टरच गप्प आहे, त्याचा कपलर बघा. काळी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. आणि प्लगच्या वरच्या बाजूला, विहिरीतच ऑइल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळतंय. ते ऑइल कॉइलच्या रबरी बुटात शिरतं, रबर फुगतं आणि ठिणगी गळायला लागते. हे दुखणं तुम्ही निर्माण केलेलं नसतं, पण कॉइल वर-खाली केल्याने उघडं पडतं. बूट आतून पुसा, रबर चिरलं असेल तर बदला.

वायरींच्या जुन्या गाड्यांत वायर चुकीच्या प्लगला लागणं हा क्रमांक एकचा अपघात. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाचा क्रम बहुतेक वेळा १-३-४-२ असतो. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी धडधडते, कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाका फोडते. यात एक गंमत आहे. ज्या गाड्यांत एकच कॉइल एक आणि चार नंबरला एकाच वेळी ठिणगी देते, तिथे एक आणि चारच्या वायरी उलटसुलट लागल्या तरी गाडी छान चालते. कारण दोघांनाही ठिणगी एकदमच मिळत असते. त्यामुळे "मागच्या वेळी उलट्या लागल्या होत्या, काही झालं नाही" या अनुभवावर दुसऱ्या गाडीत विसंबू नका. वायर गळते का ते बघायला रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. निळसर ठिणग्या नाचताना दिसतात.

आता हवा. एअर फिल्टर बदलण्यासारख्या सोप्या कामानंतर गाडी का बिघडावी? फिल्टरमुळे क्वचितच, पाइपांमुळे बहुधा. थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे मॅनिफोल्डच्या बाजूला, इंजिन सतत हवा शोषत असतं. तिथला ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, क्रँककेसची वाफ ओढणारा पाइप, थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग यांपैकी कुठेही फट राहिली तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि स्लोवर सगळेच सिलिंडर मधूनमधून चुकतात. मॅनिफोल्डच्या तोंडी लागलेला पाइप निसटला असेल तर त्याच्या शेजारचा सिलिंडर जास्त. थ्रॉटलच्या अलीकडे, फिल्टरच्या बाजूला फट राहिली तर काय होतं, ते गाडी हवा कशी मोजते त्यावर ठरतं. ज्या गाड्यांत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यांना तीही फट चालत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशेब करतात. त्यांना फिल्टरचा डबा थोडा उघडा राहिला तरी मिस होत नाही, फक्त धूळ आत जाते. म्हणजे अशा गाडीत मिस शोधताना डब्याच्या क्लिपांवर वेळ घालवू नका, थ्रॉटलच्या पुढचं बघा. क्लिपा लावा मात्र, त्या धुळीनेच इंजिन झिजतं.

हवा कुठून घेतेय ते ऐकायला बागेतल्या पाइपाचा दोन फुटांचा तुकडा घ्या. एक टोक कानाला, दुसरं संशयाच्या जागी फिरवायचं; स्स्स असा आवाज लगेच पकडता येतो. पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, बाह्या दूर ठेवा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत सर्रास सांगितली जाते. ती चालते, पण तो फवारा पेट घेणारा असतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट. घरच्या पार्किंगमध्ये मी ती वापरत नाही. स्कॅनर असेल तर त्याहून सोपं: फ्यूएल ट्रिम नावाचा, ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय ते सांगणारा आकडा बघा. स्लोवर तो अधिक दहा टक्क्यांच्या वर जात असेल आणि अडीच हजारांच्या रेसवर शून्याच्या जवळ येत असेल, तर बहुधा हवा गळतेय. उलट, रेस आणि लोड वाढेल तसा तो वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय.

ऑइल बदलल्यावरही मिस येऊ शकते, यावर लोक विश्वास ठेवत नाहीत. ऑइल भरायचं झाकण नीट फिरलं नाही किंवा डिपस्टिक पूर्ण आत गेली नाही, तर काही इंजिनांत तिथूनही हवा खेचली जाते. दहा सेकंदांचं काम आहे, तपासून टाका.

थ्रॉटल बॉडी पुसली असेल किंवा बॅटरी सोडली असेल तर थोडा धीर धरा. वर्षानुवर्षं साचलेल्या काजळीला जमवून घेऊन ईसीयूने आपले आकडे बसवलेले असतात. काजळी गेली, फट वाढली, आता त्याला नव्याने शिकायचंय. बॅटरी सोडली तर अनेक गाड्यांत हे शिकलेलं पुसलंच जातं. स्लो वर-खाली होणं, सिग्नलला बंद पडणं हे पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्याने बहुधा निवळतं. काही गाड्यांना स्कॅनरनेच शिकवावं लागतं. याला मिस म्हणू नका. मिसचा ठोका ठरावीक तालात असतो, याची लहर कधीही येते. बॅटरीच्या टर्मिनलचे नट आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची तार मात्र हाताने हलवून बघाच.

पेट्रोलच्या बाजूचं काम घरी कमी होतं. पेट्रोलचा फिल्टर बदलला असेल तर लाइनमध्ये हवा राहते. चावी फक्त "ऑन" करून दोन-तीन सेकंद थांबायचं, बंद करायचं, असं तीन-चार वेळा केलं की पंप दाब भरतो. डिझेलमध्ये फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबावा लागतो. तेवढं करूनही डिझेल गाडी अडखळत असेल तर पुढे जाऊ नका. कॉमन रेलच्या पाइपांत हजार बारहून जास्त दाब असू शकतो, त्याचा नट सैल करून हवा काढणं हे जुन्या ट्रॅक्टरचं तंत्र इथे जिवावर बेतेल.

सीएनजीवाल्यांकडे एक आयती चाचणी आहे, ती वापरा. गाडी पेट्रोलवर चालवून बघा, मग गॅसवर. दोन्हीवर तोच सिलिंडर मिस मारत असेल तर ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. फक्त पेट्रोलवर मिस असेल तर पेट्रोलचा इंजेक्टर किंवा त्याचा कपलर. फक्त गॅसवर असेल तर लगेच किटला दोष देऊ नका. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे अशक्त कॉइल, जास्त गॅप किंवा चिरलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो. ठिणगीची बाजू निर्दोष ठरली, की मॅनिफोल्डमध्ये गॅस सोडणारे बारीक रबरी पाइप बघा. प्लग बदलताना कोपर लागून ते निसटतात किंवा मुडपतात. ते इंजिन बंद करून आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनच हाताळा, आणि त्याच्या पलीकडे जाऊ नका. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबाने भरलेला असतो.

इंजिन धुतलं असेल तर प्लगच्या विहिरीत पाणी साचलंय हेच गृहीत धरा. कॉइल काढून फडक्याच्या बोळ्याने टिपा, सायकलच्या पंपाने हवा मारा आणि दोन तास बॉनेट उघडं ठेवा. तोच पंप प्लग काढण्यापूर्वीही चालवायचा असतो, नाहीतर विहिरीतली माती थेट सिलिंडरमध्ये.

हे सगळं नीट असूनही तोच सिलिंडर गप्प असेल तर कॉम्प्रेशन मोजायची वेळ आली. गेज भाड्याने मिळाला तर चांगलंच. इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, इंजिन पाच-सहा फेरे फिरवायचं. पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ किलो दाब येतो. सगळे सिलिंडर एकमेकांच्या किलोभराच्या आत असावेत. तुम्ही टॅपेट सेट केले असतील आणि एक सिलिंडर खाली आला असेल, तर तिथला व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. गॅप पुन्हा मोजा. टायमिंग बेल्ट किंवा चेन हाताळली असेल आणि त्यानंतर मिस आली असेल तर मात्र एकदाही पुन्हा सेल मारू नका. दाता चुकला असेल तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात. गाडी टो करून गॅरेजमध्ये न्या आणि लाज न बाळगता सांगा, काय काय खोललं होतं. यादीचा कागद सोबत द्या.

आणि क्वचित योगायोगही असतो. एकदा शेजाऱ्यांची गाडी सर्व्हिसिंगच्या दुसऱ्याच दिवशी मिस मारायला लागली. सगळ्यांनी सर्व्हिसिंग करणाऱ्याला धारेवर धरलं. इंजेक्टरची वायर रात्री उंदराने कुरतडली होती, शेजारी लेंड्याही होत्या. म्हणून यादी तपासताना वायरिंगच्या नळ्यांवरून एक नजर फिरवा.

दोष सापडला की कोड पुसा, पण गाडी बरी झाली असं लगेच जाहीर करू नका. रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पहिल्या चावीला कान लावा. मग पूर्ण गरम करून, एसी लावून, एखादा चढ वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने चढवा, कारण कमकुवत ठिणगी तिथेच हार मानते. परत आल्यावर स्कॅनर पुन्हा लावा. दिवा लागला नसला तरी आत एखादी नोंद जमा झालेली असू शकते. आमच्या गाडीच्या दोन नंबरच्या कपलरला लॉक अजून नाही. नायलॉनची एक पट्टी आवळून ठेवलीय, आणि जुनी, चांगली कॉइल डिकीत पडून आहे.